लाल दिवा आणि काटा : मारुती ८०० ला ऑइल प्रेशर गेज बसवताना

गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एक छोटासा लाल दिवा लागतो. त्यावर तेलाच्या बुधलीचं चित्र असतं. इंजिन सुरू झालं की एक-दोन सेकंदांत तो विझतो आणि आपण त्याला विसरून जातो. दिवा विझला म्हणजे ऑइल प्रेशर आहे, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण किती आहे? हे मात्र तो दिवा कधीच सांगत नाही. या लेखात आपण त्या दिव्याच्या जोडीला ऑइल प्रेशर गेज, म्हणजे साध्या भाषेत काटा, कसा बसवायचा ते पाहू. उदाहरणाला मारुती ८०० घेतली आहे, कारण आमच्या घरी तीच आहे. २००४ ची, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. २०१४ साली ही गाडी बनायची बंद झाली, पण तालुक्याच्या गावी अजून चिक्कार दिसते, आणि तिच्यावर हात साफ करायला कुणी फारसं रागावत नाही.

आधी थोडी थिअरी, कंटाळू नका. क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकून फिरत नाही, ती तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरते. हे माणसाला कळलं तेही एका गेजमुळेच. १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या ॲक्सलसारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली, तीसुद्धा बाहेर ढकलली गेली. मग त्याने तिथे प्रेशर गेज लावला आणि २०० पीएसआयपर्यंतचा तो गेज अपुरा पडला! फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलाला पाचरीसारखा खाली ओढतो आणि त्या पाचरीत दाब तयार होतो. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. (हो, तोच रेनॉल्ड्स नंबरवाला.)

आपल्या गाडीतला गेज हा पाचरीतला दाब दाखवत नाही, हे नीट लक्षात घ्या. तो दाखवतो बेअरिंगपर्यंत तेल पोचवणाऱ्या वाटेतला दाब. आणि इथे एक मोठा गैरसमज आहे. ऑइल पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. पुढे जायला अडथळा असतो म्हणून दाब येतो. बेअरिंगमधली फट काही शतांश मिलिमीटरची असते, तोच तो अडथळा. आता फट झिजून वाढली की काय होतं? फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली तर गळती ढोबळमानाने आठपट. जोरात चाललेल्या इंजिनात पंप ही गळती भरून काढतो, पण आयडलिंगला त्याला ते जमत नाही. म्हणून इंजिनाचं म्हातारपण सगळ्यात आधी गरम इंजिनाच्या आयडलिंग प्रेशरमध्ये दिसतं. आवाज त्याच्या बऱ्याच नंतर येतो.

आणि दिवा? दिव्याचा स्विच म्हणजे एक स्प्रिंग आणि एक पडदा. साधारण ०.३ ते ०.५ बारला तो उघडतो आणि दिवा विझतो. निरोगी इंजिनात ३००० आरपीएमला ३ बारच्या आसपास प्रेशर असावं अशी अपेक्षा असते. म्हणजे ते ३ वरून २ वर आलं, २ वरून १ वर आलं, तरी दिवा आपला गप्प. जोरात चाललेल्या इंजिनात तो लागतो तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

माझ्या आत्याच्या गाडीचं असंच झालं. सिग्नलला थांबलं की दिवा मिणमिणायचा. एका गॅरेजमध्ये दाखवलं, त्यांनी ‘स्विच खराब आहे’ म्हणून स्विच बदलून दिला. दिवा काही दिवस शांत राहिला. मग एकदा घाटात तो लागला तो विझेचना. पुढच्या गावापर्यंत जाऊ, पाचच तर किलोमीटर आहेत, असं म्हणून आत्या गाडी चालवत राहिली. गावाच्या अलीकडेच इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज आला आणि ते बंद पडलं. उघडलं तेव्हा एका कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलेलं होतं आणि क्रँकपिन जळून निळी पडली होती. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या वर गेला, आणि जी गाडी घेऊन आत्या रोज तीस किलोमीटरवरच्या शाळेत शिकवायला जायची ती भंगारात गेली. दोष दिव्याचा नव्हता, तो खरंच बोलत होता. पण स्विच बदलायच्या आधी त्या भोकात दहा मिनिटांसाठी एक मेकॅनिकल गेज लावून बघितला असता तर स्विच खोटा की इंजिन खोटं, याचा निकाल तिथेच लागला असता. तेव्हापासून आमच्या ८०० ला काटा लावायचा हे माझ्या डोक्यात बसलं.

गेज दोन जातींचे मिळतात. मेकॅनिकल गेजमध्ये इंजिनातून एक बारीक नळी थेट डॅशबोर्डपर्यंत येते आणि आत बूर्डोन ट्यूब असते, जी आपण लॅबमध्ये शंभर वेळा बघतो. वाकडी नळी दाबाने सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते. १८४९ साली युजीन बूर्डोनने तिचं पेटंट घेतलं होतं. ती विश्वासू आहे, करंट नको, वायर नको. पण गरम तेल केबिनमध्ये येतं! नायलॉनची नळी कुठे घासून फुटली तर ते तेल पायांवर. तपासणीसाठी हा गेज उत्तम, कायमचा बसवायचा असेल तर मी इलेक्ट्रिकल घ्यायला सांगेन. त्यात तेल इंजिनापाशीच राहतं. तिथे सेंडर नावाचा डबीसारखा भाग बसतो, दाब बदलला की त्याचा रेझिस्टन्स बदलतो, आणि एकच वायर आत येते.

सेंडर आणि गेज एकाच जोडीतले हवेत. व्हीडीओ पद्धतीचा सेंडर शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम दाखवतो. अमेरिकन पद्धतीचा बरोब्बर उलटा चालतो, शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचा गेज जोडलात तर इंजिन बंद असताना काटा टोकाला. आता काही किट्समध्ये तीन वायरचा इलेक्ट्रॉनिक सेंडर असतो, त्याची जोडणी त्याच्या कागदाप्रमाणेच करायची.

आता खरं काम. कंपनीचा स्विच जिथे आहे, तिथेच आपल्याला शिरायचं आहे. तो काढायचा, त्या जागी पितळी टी बसवायचा, टीच्या एका तोंडाला जुना स्विच परत आणि दुसऱ्याला सेंडर. स्विच काढून तिथे नुसता सेंडर लावणारे लोक आहेत. आमच्या गल्लीतले मिस्त्रीकाका मला पहिल्याच दिवशी म्हणाले, “ताई, दिवा काढू नका हं. काट्याकडे आपण बघावं लागतं, दिवा स्वतःहून डोळ्यात घुसतो.” पटलं. गाडी चालवताना कोण सारखं गेजकडे बघतंय?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो आट्यांचा. (शाळेत आम्ही ‘थ्रेड्स’च म्हणायचो. ‘आटे’ हा शब्द मला काकांकडे मिळाला, आणि तो जास्त बरा वाटतो.) जपानी घराण्याच्या इंजिनांत, आणि ८०० चं इंजिन सुझुकीचं आहे, या भोकाला सहसा एक-अष्टमांश बीएसपीटी आटे असतात : इंचाला २८, कोन ५५ अंश. अमेरिकन गेजसोबत एक-अष्टमांश एनपीटीचं फिटिंग येतं : इंचाला २७, कोन ६० अंश. युरोपियन सेंडरला बऱ्याचदा एम-१० बाय १ असतात. पिच काढून बघा, अनुक्रमे ०.९०७, ०.९४१ आणि १.० मिलिमीटर. डोळ्यांना तिन्ही सारखेच! एनपीटीचं फिटिंग बीएसपीटीच्या भोकात दोन-तीन फेरे गोडीत जातं, मग घट्ट होतं, आणि माणसाला वाटतं छान बसलं. प्रत्यक्षात आटे एकमेकांना खात असतात, तेल झिरपायला लागतं, आणि इंजिनाच्या बाजूचे आटे गेले तर मात्र भोक मोठं करून नवीन आटे पाडायची वेळ येते. म्हणून जुना स्विच काढल्यावर पिच गेज लावूनच फिटिंग विकत घ्या. वर्कशॉपमध्ये पिच गेज असतो, सही करून मिळतो.

दुसरी गोष्ट कंपनांची. सेंडरचं वजन १५० ग्रॅम धरा, आणि तो टीच्या टोकाला बाहेर लोंबतोय. हा आपला नेहमीचा कँटिलिव्हर. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच पुढे-मागे डुलतं. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० हेलकावे, तासाला १ लाख ८० हजार, आणि १०० तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये १ कोटी ८० लाख. फटीगच्या चॅप्टरमधला एस-एन कर्व्ह आठवा. पितळी फिटिंग आट्यांच्या मुळाशी तुटतं, आणि तुटलं की पंप सगळं तेल रस्त्यावर ओततो. म्हणजे इंजिन वाचवायला लावलेल्या वस्तूनेच इंजिन मारलं. यावर उपाय असा की टी आखूड आणि जाड घ्यायचा, सेंडर शक्यतो उभा ठेवायचा. त्याहून चांगलं म्हणजे ब्लॉकपासून जाळीदार आवरणाची प्रेशर होज आणून टी आणि सेंडर बॉडीवर क्लॅम्पने धरायचे. मी दुसरा मार्ग घेतला. खर्च वाढतो, पण झोप चांगली लागते.

आटे सील करताना टेफ्लॉन टेप मोजून दीड-दोन वेढे गुंडाळा आणि पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तुकडे तेलाच्या वाटेत जातात. लिक्विड सीलंट मिळालं तर तेच वापरा. घट्ट करताना टीला एका पान्याने धरून दुसऱ्या पान्याने सेंडर पिळायचा. तोही त्याच्या षटकोनी भागाला धरून, पत्र्याच्या डबीला धरून कधीच नाही. हे आटे टेपर असतात, म्हणून शेवटपर्यंत पिळायचे नसतात.

वायरिंगला हात लावायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा. गेजच्या मागे साधारण चार जोडण्या असतात : प्लस, अर्थ, सेंडर आणि गेजच्या आतला दिवा. प्लस फ्यूज बॉक्समधल्या अशा जागेवरून घ्या जिथे किल्ली फिरवल्यावरच करंट येतो, आणि तिथेच, वायर सुरू होते त्या टोकाला, २ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका. फ्यूज गेजजवळ लावून उपयोग नाही, कारण मधली वायर पत्र्याला घासली तर तिला वाचवणारं कुणीच नसतं. २००४ ची ८०० एमपीएफआय आहे, म्हणून इंजिन कंट्रोल युनिटच्या कुठल्याही वायरमधून करंट चोरायचा नाही. नवीन गाड्यांत एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला तर बोटसुद्धा लावू नका. गेजचा दिवा पार्किंग लाइटच्या वायरवर जोडा. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर सगळ्यांना पुरते. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट पाहिजेच, आणि एक्झॉस्टपासून लांब, स्लीव्हमधून. वायर सोलून, पिळून, वर चिकटपट्टी, असला जोड दोन पावसाळे टिकत नाही. लग क्रिंप करा नाहीतर सोल्डर करून श्रिंक ट्यूब चढवा.

एवढं करूनही काटा खोटं बोलू शकतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा अर्थ असतं. हा भाग मला कुठल्याच किटच्या कागदावर नीट सापडला नाही, म्हणून जरा सविस्तर. एका टर्मिनलच्या सेंडरला स्वतःची अर्थ वायर नसते. त्याचा करंट आट्यांतून टीमध्ये, टीमधून ब्लॉकमध्ये आणि ब्लॉकमधून बॅटरीच्या निगेटिव्हला जातो. इंजिन तर रबरी माउंटिंगवर बसलेलं आहे! म्हणजे ब्लॉक आणि बॉडी यांना जोडणारी जी अर्थची पट्टी असते, तीच एक वाट. ती गंजलेली असेल, किंवा आट्यांवर टेपचा गठ्ठा असेल, तर सेंडरच्या रेझिस्टन्समध्ये फुकटचा रेझिस्टन्स मिळतो.

आता गणित करा. व्हीडीओ पद्धतीचा ० ते ५ बारचा सेंडर सरळ रेषेत चालतो असं धरलं तर १७० ओहम भागिले ५, म्हणजे दर बारला ३४ ओहम. अर्थमध्ये ३४ ओहम वाढले की काटा खऱ्यापेक्षा १ बार जास्त दाखवणार. इंजिनात १ बार असताना आपल्याला २ दिसतील आणि आपण खूश! वायर पूर्ण तुटली तर काटा थेट टोकाला जातो. अमेरिकन पद्धतीत उलट होतं, खराब अर्थ प्रेशर कमी दाखवते आणि तुटलेली वायर शून्य दाखवते. म्हणजे ती बिघडली तर घाबरवते, पहिली बिघडली तर थापटून झोपवते. माझं मत विचाराल तर दोन्ही मिळत असतील तेव्हा बिघडल्यावर घाबरवणारी घ्यावी. पण बाजारात जोडी जी नीट मिळेल ती घ्यावी लागते. मला व्हीडीओ पद्धतीची मिळाली, म्हणून मी अर्थवर दुप्पट वेळ घालवला. होजवर लांब बसवलेल्या सेंडरला तर क्लॅम्पखालून वेगळी अर्थ वायर काढावीच लागते, कारण होज करंट नेईलच असं नाही. ती वायर थेट ब्लॉकच्या बोल्टला नेली, रंग खरवडून, वर थोडं ग्रीस लावून.

तपासायची युक्ती सोपी आहे. बॅटरी जोडा, किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. काटा शून्यावर हवा. मग हेडलाइट, वायपर, हॉर्न एकेक करून चालू करा. काटा जराही हलला तर अर्थ किंवा प्लसमध्ये घोळ आहे. त्यानंतर सेंडरची वायर काढा. व्हीडीओ पद्धतीत काटा टोकाला जाईल. तीच वायर ब्लॉकला टेकवा, काटा शून्याच्या खाली येईल. अमेरिकन पद्धतीत याच्या उलट. तसं झालं म्हणजे गेज आणि वायरिंग ठीक, राहिला फक्त सेंडर. (काही जण विचारतात, ओबीडी स्कॅनर लावून हे सगळं फुकटात दिसत नाही का? बहुतेक गाड्यांत नाही दिसत, कारण तिथेही आत फक्त स्विचच असतो. जे गाडी मोजतच नाही ते स्कॅनर कुठून आणणार?)

मग इंजिन सुरू करा, एकाने गेजकडे आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन टीकडे बघायचं. थंड तेल घट्ट असतं, त्यामुळे काटा एकदम वर उडी मारतो. घाबरू नका. गाडी अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर जे दिसतं ते खरं. ढोबळ नियम असा की दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. ८०० ला टॅकोमीटर नाही, म्हणून मी एक वही केली : सकाळचं थंड आयडलिंग, तापल्यावरचं आयडलिंग, आणि चौथ्या गिअरला ताशी ६० ला. दर महिन्याला त्याच तीन नोंदी. एकटा आकडा फार काही बोलत नाही, पण ओळीने सहा आकडे बोलतात. तापल्यावरचं आयडलिंग महिन्यामहिन्याला खाली सरकत असेल तर बेअरिंग किंवा पंप झिजतोय. नवीन तेल घातल्यावर ते वर आलं आणि तेलाबरोबरच हळूहळू उतरलं तर तेलच पातळ होतंय, कदाचित पेट्रोल मिसळून. आणि घाटातल्या लांब वळणावर काटा क्षणभर पडून परत येत असेल तर आधी डिपस्टिक काढून बघा. लेव्हल कमी असली की वळणावर तेल एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते.

प्रेशर जास्त म्हणजे इंजिन चांगलं, असंही नाही. जुनी गाडी विकताना घट्ट तेल घालून प्रेशर वर आणतात. अडथळा वाढला म्हणून काटा वर, पण बेअरिंगला पोचणारं तेल उलट कमी. शिवाय सेंडरच्या पुढे एखादी वाट कचऱ्याने बुजली असेल तर काटा छान दाखवेल आणि त्या वाटेवरचं बेअरिंग कोरडं मरेल. ते बिचारं कुठल्याच गेजला दिसत नाही.

एक काम शेवटी राहतं. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना टीच्या खालून बोट फिरवा. बोट कोरडं आलं तर ठीक. ओलं आलं तर आणखी पिळू नका, फिटिंग काढा, आटे पुसून बघा आणि नवीन सीलंट लावून पुन्हा बसवा. क्लॅम्पचे बोल्ट आणि होज कुठे घासत नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या.